लघुलहरी रेडिओ ग्राही, सुवाह्य

सुमारे २·३ ते २६·१ मेगॅहर्ट्झ या कंप्रतांदरम्यान (कंप्रता म्हणजे लहरींची दर सेकंदाची आवर्तने) होणारी ध्वनिक्षेपणे ऐकण्यासाठी बनवलेला, सेलवर चालणारा आणि सहज उचलून नेता येणारा रेडिओ. बोलीत याला ‘शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर’ म्हणतात. या टापूतील लहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून हजारो किलोमीटरवर उतरतात. ध्वनिक्षेपणासाठी त्यात ठराविक मीटर पट्टे (तरंगलांबीच्या नावाने ओळखले जाणारे कंप्रतांचे भाग) राखलेले आहेत. ४९ मीटर (५·९ ते ६·२ मेगॅहर्ट्झ) व ४१ मीटर हे पट्टे मुख्यतः रात्री, १९, १६ व १३ मीटर हे दिवसा, तर ३१ व २५ मीटर हे बहुतेक वेळा उपयोगी पडतात.

अशा ग्राहीच्या जाहिरातीत संवेदनशीलतेवर भर असतो. प्रत्यक्षात लघुलहरींवर वातावरणातून व आसपासच्या विजेच्या उपकरणांतून येणारी खरखरच बहुधा ग्राहीच्या अंगच्या गोंगाटापेक्षा मोठी असते. म्हणूनच ३१ मीटर लांबीच्या लहरीसाठी जेमतेम एक मीटरचे दुर्बिणीसारखे उघडणारे एरियल पुरते, कारण आखूड एरियलमुळे संकेत आणि खरखर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. ग्राहीची खरी परीक्षा तीन बाबींत होते : शेजारची केंद्रे वेगळी काढणे, नको ती कंप्रता आत न घेणे आणि लावलेले केंद्र जागेवर टिकवणे.

सुपरहेटरोडाइन तत्त्व : जवळजवळ सर्व सुवाह्य लघुलहरी ग्राही या तत्त्वावर आधारलेले आहेत. येणारा संकेत ग्राहीतील आंदोलकाच्या (स्वतः लहर निर्माण करणाऱ्या मंडलाच्या) कंप्रतेशी मिसळून त्याचे रूपांतर एका ठराविक मध्यस्थ कंप्रतेत केले जाते आणि मुख्य विवर्धन (संकेत मोठा करणे) व निवड तेथे होते. या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. दोन कंप्रतांच्या मिश्रणातून फरकाची कंप्रता मिळवण्याची कल्पना रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली होती. तिचा या विशिष्ट कारणासाठी उपयोग फ्रान्समध्ये ल्यूसिएन लेव्ही (पेटंट अर्ज १९१७), जर्मनीत वॉल्टर शॉट्की (१९१८) आणि पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्यात असलेले एडविन आर्मस्ट्राँग (१९१८ ची अखेर) या तिघांनी सुचवला. आर्मस्ट्राँग यांना अमेरिकी पेटंट १९२० मध्ये मिळाले, पण लेव्ही यांचे हक्क एटी अँड टी कंपनीने विकत घेतल्यावर वाद उभा राहिला. १९२८ मध्ये निकाल लागला तेव्हा आर्मस्ट्राँग यांच्या नऊ दाव्यांपैकी सात लेव्ही यांच्याकडे गेले. उरलेले दोन अलेक्झँडरसन व केंडॉल या अन्य संशोधकांना मिळाले. लेव्ही यांच्या कामाची माहिती आर्मस्ट्राँग यांना युद्धकाळातच होती, असा दावा केला गेला. तो निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही. लेव्ही यांचा मूळ हेतू संदेशांची गुप्तता व वातावरणीय अडथळ्यांपासून बचाव हा होता, तर आर्मस्ट्राँग यांच्यापुढे उच्च कंप्रतेच्या क्षीण संकेतांचे विवर्धन हाच प्रश्न होता. कल्पनेचा अग्रक्रम लेव्ही यांचा आणि ग्राही म्हणून तिची घडण आर्मस्ट्राँग यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

प्रतिमा कंप्रता : या तत्त्वाचा दोष लघुलहरींवरच ठळकपणे जाणवतो. मध्यस्थ कंप्रता बहुधा ४५५ किलोहर्ट्झ असते. ९,६०० किलोहर्ट्झचे केंद्र लावल्यास आंदोलक १०,०५५ वर असतो, पण १०,५१० वरील केंद्रही त्याच्यापासून ४५५ नेच दूर असल्याने तेही आत शिरते. हीच प्रतिमा कंप्रता. मध्यमलहरींवर १,००० किलोहर्ट्झला असा प्रतिस्पर्धी १,९१० वर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर असतो आणि साधे जुळणी मंडलही (हवी ती कंप्रता निवडणारा भाग) त्याला अडवते. ९,६०० वर मात्र तो दहा टक्क्यांहूनही जवळ येतो. स्वस्त संचावर एकच जोरदार केंद्र डायलवर दोन ठिकाणी लागते ते यामुळे. श्रोते त्याला दुसरे प्रक्षेपण समजत. यावर उपाय दुहेरी रूपांतराचा : पहिली मध्यस्थ कंप्रता मुद्दाम पुष्कळ वर, पुढच्या काळातील अनेक संचांत तर ५५ मेगॅहर्ट्झच्या आसपास, ठेवली की प्रतिमा फार दूर जाते. मग दुसऱ्या टप्प्यात ४५५ वर येऊन अरुंद फिल्टरने शेजारची केंद्रे छाटता येतात.

सुवाह्य रूप : व्हॉल्व्हच्या काळातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे झेनिथ कंपनीचा ट्रान्स-ओशनिक. तो १९४२ मध्ये बाजारात आला आणि युद्धामुळे थोड्याच महिन्यांत त्याचे उत्पादन थांबले. त्याला ९० व्होल्टची बॅटरी लागत असे, त्यामुळे सुवाह्य म्हणजे मूठ धरून नेता येण्याजोगी पेटी एवढाच अर्थ होता. ट्रान्झिस्टर संच १९५४ पासून विकले जाऊ लागले तरी पहिले संच मध्यमलहरींचेच होते. ओसी-४४ सारख्या मिश्रधातू-संधी ट्रान्झिस्टरचे विवर्धन लघुलहरींच्या वरच्या भागात फार घटे. ओसी-१७० आणि एएफ-११४ सारखे विसरण पद्धतीचे ट्रान्झिस्टर आल्यावर ही अडचण दूर झाली. झेनिथचा रॉयल १००० हा सुमारे १९५७ चा.

काट्याची अडचण मात्र राहिली. ६ ते १८ मेगॅहर्ट्झचा पट्टा दहा सेंटिमीटरच्या डायलवर मावला, की ३१ मीटरच्या वाट्याला साधारण चार मिलिमीटर येतात आणि त्यात ५ किलोहर्ट्झ अंतराने शंभर जागा असतात. एका केंद्रावर काटा नेमका आणणे म्हणजे बोटांचे कसब होते. बारीक ट्यूनिंगची वेगळी कळ किंवा प्रत्येक मीटर पट्टा स्वतंत्रपणे पसरवणे हे त्यावरचे उपाय. शिवाय आंदोलक तापमानाबरोबर सरके, त्यामुळे लावलेले केंद्र थोड्या वेळाने निसटे.

या सरकण्यावरचा सर्वांत देखणा उपाय दक्षिण आफ्रिकेच्या ट्रेव्हर वॅडली यांचा आहे. रॅकल कंपनीच्या आरए-१७ या मोठ्या, टेबलावरच्या ग्राहीत तो असा चाले : ९·६ मेगॅहर्ट्झसाठी आंदोलक ४९·५ वर ठेवला की पहिली मध्यस्थ कंप्रता ३९·९ येते. त्याच आंदोलकातून १ मेगॅहर्ट्झच्या स्फटिकाची (अचूक, स्थिर कंप्रता देणाऱ्या घटकाची) बारावी गुणित कंप्रता, म्हणजे १२ मेगॅहर्ट्झ, वजा करून ३७·५ मिळते. या दोहोंचा फरक २·४. आंदोलक ४९·५५ वर सरकला तरी आकडे ३९·९५ आणि ३७·५५ होतात, फरक २·४ च राहतो. चूक दोन्हीकडे सारखीच येऊन आपोआप वजा होते. १९७० च्या दशकात बार्लो वॅडली एक्ससीआर-३० या सेलवर चालणाऱ्या संचात हेच तत्त्व आले. त्यावर मेगॅहर्ट्झची व किलोहर्ट्झची अशा दोन वेगळ्या चकत्या होत्या.

सोनीच्या आयसीएफ-२००१ (१९८०) मध्ये स्फटिकाशी बांधलेला संश्लेषित आंदोलक व आकड्यांच्या कळा होत्या. कंप्रता दाबली की केंद्र लागे. सेल मात्र लवकर संपत. त्यानंतरच्या आयसीएफ-२००१डी (१९८५) मध्ये समकालिक शोधन (संकेतातून आवाज वेगळा काढण्याची नवी रीत) आले. आयनांबरातून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरींमुळे कधी कधी वाहक लहरच (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) क्षीण होते आणि आवाज फाटतो. या पद्धतीत ग्राही स्वतःच स्थिर वाहक तयार करून त्याची जागा भरतो. शिवाय वरचा किंवा खालचा यांपैकी अडथळा नसलेला पार्श्वपट्टा (वाहकाच्या दोन्ही बाजूंना असणारा, आवाज असलेला भाग) निवडता येतो. लघुलहरी ऐकण्यात यापेक्षा मोठा फरक इतर कोणत्याही एका सुधारणेने पडलेला नाही. हॅम मंडळींचे (हौशी रेडिओ चालकांचे) एकपार्श्वपट्टा संभाषण (एकाच पार्श्वपट्ट्यावरचे) ऐकण्याची सोयही चांगल्या संचांत असते.

विसाव्या शतकानंतरचे बहुतेक संच चीनमध्ये बनतात (टेकसन, डेजेन इ.). सिलिकॉन लॅब्जच्या एसआय-४७३४ वर्गातील एकाच चिपवर मिश्रण, फिल्टर व शोधन अंकीय रीतीने होते. फिल्टरची रुंदी कळीने बदलता येते, पण क्षीण संकेतावर आवाज आपोआप दबतो आणि काही संचांत काटा फिरवताना तो तुटत जातो. लांब तार जोडल्यास जवळच्या मध्यमलहरी केंद्राचा त्रास होण्याचा धोका जुन्या-नव्या दोन्ही संचांत आहे.

भारत : रेडिओ सिलोनच्या (आताचे श्रीलंका) हिंदी सेवेमुळे १९५० च्या दशकात घरगुती संचांवर लघुलहरी पट्टा आवश्यक ठरला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरील चित्रपटगीते कमी झाली होती, त्यामुळे श्रोते तिकडे वळले. १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारतीही प्रथम मुंबई व मद्रास येथून लघुलहरींवरच ऐकू येई. मर्फी संच ठाण्यात बनत. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रक्षेपण जानेवारी २०२० अखेर बंद झाले.