हातावरचा वण

१९६८ साल. लॉस एंजेलिसमध्ये भल्या सकाळी रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना पोलिसाने हटकलं. इतक्या सकाळी दारू प्यायलात की काय, असं त्याने विचारलं. लिओनोर वेक्सलर दारू प्यायल्या नव्हत्या, त्यांचा तोल जात होता. वडिलांना आणि तिन्ही भावांना ज्या हंटिंग्टनच्या आजाराने गाठलं, त्यानेच आता त्यांनाही गाठलं होतं. हा आजार फक्त पुरुषांना होतो, असं त्यांना लहानपणी सांगितलेलं. घरात त्याचा विषय कधी निघत नसे.

या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या पेशी हळूहळू मरत जातात. हातपाय आपोआप हलतात, स्वभाव बदलतो, स्मृती जाते. सुरुवात बहुधा तिशी ते पन्नाशीत होते, म्हणजे तोवर मुलंबाळं झालेली असतात. आई किंवा वडिलांना आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. धाकटी मुलगी नॅन्सी तेव्हा २३ वर्षांची होती. वडील मिल्टन यांनी तिला आणि थोरल्या अ‍ॅलिसला समोर बसवून सगळं सांगितलं. मला या साऱ्या कहाणीत हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. आजार लपवणं किती सोपं असतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सोयरीक जुळवताना ‘घराण्यात काही नाही ना?’ हा प्रश्न आला, की किती घरं गप्प होतात! मिल्टन यांनी गप्प न राहता आनुवंशिक आजारांच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. मानसशास्त्र शिकलेल्या नॅन्सी त्यात उतरल्या.

संशोधनासाठी त्यांना हवं होतं ते हा आजार असलेलं एक मोठं कुटुंब. अमेरिको नेग्रेते या डॉक्टरांनी व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराच्या काठी १९५० च्या दशकातच हा आजार ओळखला होता. तिथले कोळी त्याला नुसतं ‘एल माल’, म्हणजे वाईट, असं म्हणत. १९७९ पासून नॅन्सी तिथे जाऊ लागल्या. पाण्यात खांबांवर उभी असलेली घरं, आणि त्यांत एकाच वेळी आजारी आई, मामा आणि लक्षणं दिसू लागलेली तरणी पोरं. पुढच्या वीसेक वर्षांत तिथल्या सुमारे १८,००० जणांची वंशावळ तयार झाली आणि चार हजारांहून जास्त जणांनी रक्त दिलं.

ते त्यांनी का द्यावं? परक्या देशातून आलेल्या बाईला रक्त आणि कातडीचा तुकडा कोण देईल? नॅन्सी यांनी स्वतःच्याही कातडीचा नमुना दिला होता. पथकातल्या एका परिचारिकेने त्यांचा हात धरून त्यावरचा वण सगळ्यांना दाखवला. हिच्या आईलाही हाच आजार होता, हिलाही होऊ शकतो, असं सांगितलं. त्यानंतर लोकांची नजर बदलली.

या रक्ताचं पुढे काय झालं, ते समजायला सोपं आहे. अनोळखी गावात घराचा नेमका पत्ता ठाऊक नसला, तरी ‘पिठाच्या गिरणीजवळ’ एवढं कळलं की निम्मं काम होतं. गुणसूत्रांवर अशाच ओळखीच्या खुणा असतात. एखादी खूण आजाराबरोबरच आईकडून लेकाकडे, लेकाकडून नातीकडे जात असेल, तर बिघडलेला जनुक तिच्या शेजारी असणार. पण तो योगायोग नाही हे ठरवायला शेकडो नातेवाईक लागतात. बोस्टनच्या जेम्स गुसेला यांच्या गटाला १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर अशी खूण सापडली. गिरणी मिळाली, तरी घर मिळायला आणखी दहा वर्षं गेली. १९९३ मध्ये जनुक हाती लागला. त्यात सीएजी ही डीएनएच्या लिपीतली तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ३५ वेळांपर्यंत आली तर आजार होत नाही. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य लाभल्यावर आजार होतोच.

खूण सापडल्यामुळे आजार होणार की नाही, हे आधीच सांगणारी तपासणी निघाली. नॅन्सी यांनी ती करून घेतली नाही. जिच्यामुळे ती शक्य झाली, तिनेच पाठ फिरवावी? पण त्यात मला विसंगती दिसत नाही. उपाय नसलेल्या आजाराचं उत्तर ऐकायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. धोका असलेले बहुतेक लोक ही तपासणी टाळतात.

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतरच्या वाढीचा अभ्यास मांडला. संकट आलं म्हणून माणूस मोठा होत नाही. त्यानंतर तो त्याच्याशी जी झटापट करतो, तिच्यातून वाढतो. आणि वाढ झाली म्हणून दुःख ओसरतंच असं नाही. दोन्ही एकाच घरात नांदतात. लिओनोर १९७८ मध्ये वारल्या, मुलगी व्हेनेझुएलाला जाण्याच्या आदल्या वर्षी. दोघी बहिणींनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. ती किंमत कुठल्याही शोधाने भरून आली नसणार.

२०२० मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, नॅन्सी वेक्सलर यांनी जाहीरपणे सांगितलं, की त्यांनाही हंटिंग्टन आहे. चाल डळमळते, बोलणं अडखळतं. जवळच्यांना ते आधीपासून दिसत होतं. या आजाराभोवतीची लाज कमी व्हावी म्हणून आपण बोलतो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं.