जेट किट बसवण्याआधी हे वाचा

मूळचा एअरबॉक्स काढून कोन फिल्टर लावला, सायलेन्सर बदलला, गाडी देखणी झाली. पण आता अर्ध्या रेसला मिस मारते, किंवा रेस सोडली की मागून फटफट आवाज येतो. बहुतेक ग्राहक अशाच वेळी आमच्याकडून किट नेतात. जेट म्हणजे कार्बोरेटरमधून (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) किती पेट्रोल जाईल हे ठरवणारा बारीक भोकाचा तुकडा. तो बदलायला अर्धा तास पुरतो. कोणतं बसवायचं हे ठरवायला मात्र एखादा रविवार सहज जातो, आणि तो जाऊ द्यावा असं आमचं मत आहे.

झालंय एवढंच, की इंजिनात हवा जास्त यायला लागली आणि पेट्रोल होतं तेवढंच राहिलं. १ भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. पूर्ण ताकद हवी असते तेव्हा हे प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास बरं. पेट्रोल कमी पडलं की गाडी लीन चालते, तापते, आणि फारच दुर्लक्ष झालं तर पिस्टनला भोक पडतं. पेट्रोल जास्त झालं तर मिश्रण रिच होतं आणि प्लग काजळी धरतो. काजळी पुसता येते. म्हणून शंका असेल तेव्हा मोठ्या जेटपासून सुरुवात करा आणि एकेक नंबर खाली या.

किट उघडण्याआधी

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर तपासा. ठिणगीचं टायमिंग बघा, प्लग नवा घाला, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगा) उंची मापात आणा, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं आहे ना ते पाहा. मग इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर पाण्याची बारीक फवारणी करा. आवाज क्षणभर बदलला, तर तिथून हवा ओढली जातेय. ही गळती राहिली तर कितीही जेट बदला, हाती काही लागणार नाही. इंजिन कायम उघड्यावर चालवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सांडलेल्या पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचून राहते.

काय, कुठे काम करतं

रेसच्या मुठीवर आणि तिच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर कागदी चिकटपट्टी लावा. बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. गाडी नेमकी कुठे अडखळते हे या खुणांवरून कळतं. बंद ते पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, पाव ते पाऊण सुई (स्लाइडला, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या भागाला लावलेली), त्यापुढे मेन जेट. एकाची हद्द दुसऱ्यात थोडी शिरते, पण शोध घ्यायला एवढं पुरतं. (व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणाऱ्या कार्बोरेटरमध्ये मूठ आणि स्लाइड सोबत हलत नाहीत, तिथे या खुणा अंदाजापुरत्याच धरा.)

सगळ्यात जास्त गोंधळ स्क्रूचा होतो. तो स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर हवेचा. बाहेर काढला की मिश्रण लीन होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा. बाहेर काढला की रिच होतं. एकाच फिरवण्याचे दोन उलटे परिणाम, त्यामुळे आधी जागा बघा. गरम इंजिनवर, हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरा उघडा आणि तिथून आयडलिंग सर्वात वर जाईल ती जागा शोधा. तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागलं, किंवा स्क्रू जवळजवळ बंदच ठेवावा लागला, तर पायलट जेटचा नंबर चुकलाय.

सुईची क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उठते आणि पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच खाच.

मेन जेटसाठी मोकळा, सुरक्षित रस्ता हवा. पूर्ण रेसवर थोडं अंतर जा, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि थांबून प्लग काढा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या पार बुडाशी, आत खोलवर बघा. वरच्या भागाचा रंग फसवतो. फिकट तपकिरी रंग आम्हाला आवडतो. पांढराफटक असेल तर जेट वाढवा, काळा कोरडा असेल तर कमी करा.

जेट पितळी असतात, पेचकस खाचेत घट्ट बसणाराच वापरा. चोंदलेल्या जेटमध्ये तार कधीही घालू नका, भोक मोठं होतं आणि वरचा नंबर खोटा ठरतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या नंबरांची तुलनाही करू नका. त्यांची मोजण्याची पद्धत सारखी नसते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा. थंडीत जुळवलेली गाडी उन्हाळ्यात किंवा उंच घाटावर थोडी रिच वाटेल, कारण तिथे हवा विरळ असते. तेव्हा हीच वही उपयोगी पडते.

एवढं करूनही जमलं नाही तर आमच्याकडे या. येताना दोन्ही जेटचे नंबर, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे लिहून आणा, आणि प्लग न पुसता तसाच आणा.