तिमोरचे सार्वमत आणि करारातले एक कलम

एकेकाळी आग्नेय आशियातल्या तिमोर बेटाचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. गोवा १९६१ साली मुक्त झाला. बेटाच्या पूर्व भागातून, म्हणजे पूर्व तिमोरमधून, पोर्तुगीज निघाले ते लिस्बनमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेटिलिन या तिथल्या स्वातंत्र्यवादी पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि नऊच दिवसांनी इंडोनेशियाचे सैन्य राजधानी दिलीत घुसले. पुढल्या चोवीस वर्षांत लढाई, उपासमार आणि रोगराईने या चिमुकल्या देशातली एक लाखाहून अधिक माणसे गेली. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलीतल्या सांताक्रूझ दफनभूमीत मिरवणुकीवर इंडोनेशियाच्या सैन्याने गोळीबार केला. त्याचे चित्रण बाहेर पोचले, तेव्हा कुठे जगाला जाग आली.

मे १९९८ मध्ये इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेल्या हबीबींनी जानेवारी १९९९ मध्ये अनपेक्षितपणे दार उघडले: तिमोरने इंडोनेशियात राहून मिळणारी स्वायत्तता नाकारली, तर त्याला वेगळे होऊ देऊ. ५ मे रोजी इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला. पुढच्या अनर्थाचे मूळ माझ्या मते याच करारात आहे. मतदान घ्यायचे संयुक्त राष्ट्रांनी, पण सुरक्षा मात्र इंडोनेशियाकडेच! ज्या लष्कराने गावोगावी सशस्त्र टोळ्या पोसल्या, त्याच राजवटीकडे मतदारांचा जीव सोपवला गेला.

तरीही लोक आले. ३० ऑगस्टला उजाडण्यापूर्वीच केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. ९८ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि ७८.५ टक्के मतदारांनी स्वायत्ततेचा प्रस्ताव फेटाळला. त्या नकाराचा अर्थ स्वातंत्र्य होता, आणि त्यासाठी काय भोगावे लागेल याच्या धमक्या त्यांना आधीच मिळाल्या होत्या.

४ सप्टेंबरला निकाल लागला आणि टोळ्यांनी दिली शहर पेटवले. त्या वर्षीच्या हिंसाचारात सुमारे १,४०० माणसे मारली गेली. दोन लाखांहून अधिक लोक इंडोनेशियाच्या पश्चिम तिमोरमध्ये गेले, त्यांतल्या कित्येकांना तर बळजबरीने नेण्यात आले. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची आंतरराष्ट्रीय फौज उतरली ती २० सप्टेंबरला. तोवर बहुतेक घरे आणि शाळांची राख झाली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या हंगामी प्रशासनानंतर २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. इंडोनेशियाच्या कैदेत वर्षे काढलेले स्वातंत्र्यलढ्याचे नेते शानाना गुज्मांव राष्ट्राध्यक्ष झाले. १९९९ च्या हिंसाचारासाठी जाकार्ताच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेले सगळे आरोपी मात्र अपिलात सुटले.