उजवीकडे सरकवलेलं एक्स्पोजर

कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, उजेड तेवढा कळतो. चुन्याची भिंत असो की म्हैस, त्याच्या हिशेबी दोन्ही मध्यम राखाडी. फिल्मच्या काळात यावर दोन तोडगे होते. निगेटिव्हवाले सावल्यांवर मोजत, कारण तिथे नोंदच झाली नाही तर डार्करूममध्ये काय काढणार? अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या छायाचित्रकारांनी १९४०च्या सुमारास बसवलेली, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांचे टप्पे पाडणारी झोन सिस्टीम याच शिस्तीतली. स्लाइडवाले मात्र हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जपत. ते उडाले की तिथे नुसती पारदर्शक फिल्म. पुढे १९८३च्या निकॉन एफए कॅमेऱ्यानं दृश्याचे पाच भाग करून मोजणी सुरू केली, तरी प्रश्न तोच राहिला.

डिजिटल सेन्सर स्लाइडच्या जातीचा निघाला: उजेडानं भरला की भरला, पुढची नोंदच नाही. पण रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, नंतर गडद करता येते, ही सोय स्लाइडला कुठे होती? २००३मध्ये मायकेल राइकमन यांनी ‘एक्स्पोज टू द राइट’ हा सल्ला मांडला, तो फोटोशॉपच्या जनकांपैकी एक थॉमस नोल यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून. हायलाइट उडू न देता हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ असा उजेडाचा आलेख) शक्य तितका उजवीकडे न्यायचा. कारण दिलं आकड्यांचं: १२ बिटच्या फाइलीतल्या उजेडाच्या ४०९६ पायऱ्यांपैकी २०४८ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेडाची एक दुप्पट), त्याखालच्यात १०२४, मग ५१२.

सल्ला बरोबर होता, कारण मात्र लंगडं. शिकागो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ एमिल मार्टिनेक यांनी २००८च्या सुमारास ते उलगडून दाखवलं. खरा फायदा पायऱ्यांचा नव्हे, फोटॉनचा, म्हणजे उजेडाच्या कणांचा. १०० फोटॉन गोळा झाले तर त्यात १०चा चढउतार, म्हणजे १० टक्के नॉइज (चित्रातली खरखर); १०,००० झाले तर १००चा, म्हणजे एकच टक्का. त्यामुळे नुसता आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या संकेताची वाढ, वाढवून आलेख उजवीकडे ढकलला तर जादा उजेड काही मिळत नाही. (हे मला पटायला बरीच वर्षं गेली.)

शिवाय पाठच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम रॉचा नसतोच. तो कॅमेऱ्यानं बनवलेल्या जेपेगचा, म्हणजे तयार चित्राचा. दुपारच्या उन्हात झेंडूचा हार टिपून बघा. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकलेला दिसेल, कारण व्हाइट बॅलन्सनं (पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेल्या रंगांच्या दुरुस्तीनं) लाल रंग वाढवून घेतलेला असतो, उन्हात बहुतेक कॅमेऱ्यांत दुपटीच्या आसपास. तीच रॉ फाइल उघडली की पाकळ्यांच्या कडा बऱ्याचदा शाबूत असतात.