लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा कुपा कुठे होता?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्याआधीचा पावसाळा कोरडा गेला, त्यात प्रशांत महासागरातल्या एल निनोचा मोठा हात होता. त्याच एल निनोने २०१५ मध्ये किरिबाटी या बेटांच्या देशाची तिजोरी मात्र भरली.

एरवी व्यापारी वारे समुद्राचं उबदार पाणी पश्चिमेला, पापुआ न्यू गिनीच्या बाजूला रेटत असतात. एल निनोत वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे सरकतं. त्याच्या पूर्व काठाला थंड, पोषक पाणी येऊन मिळतं, तिथे खाद्य जमतं आणि मागोमाग स्किपजॅक ट्यूना हा मासा येतो, कोकणातल्या कुप्याच्या कुळातला. त्या वर्षी हे थवे किरिबाटीच्या हद्दीत होते.

किरिबाटीची जमीन जेमतेम ८११ चौरस किलोमीटर. पण १९८२च्या समुद्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर त्या-त्या देशाला हक्क दिला, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा समुद्र भारताच्या क्षेत्रफळाहून मोठा आहे. मासे पकडणारी जहाजं मात्र बरीचशी जपान, तैवान, कोरिया, चीन, अमेरिका, स्पेन यांची. एकेकटा देश वाटाघाटीला बसला की हाती फार थोडं लागायचं.

मासेमारीसाठीच्या नाउरू करारातले, किरिबाटीसह प्रशांत महासागरातले आठ देश म्हणूनच एकत्र आले. २००७ पासून ते पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती मोठं जाळं टाकणाऱ्या जहाजांना मासे नव्हे, मासेमारीचे दिवस विकतात. जायकवाडीच्या कालव्यावर पाणीपाळीचे दिवस ठरतात, तसे इथे वर्षाचे एकूण दिवस ठरतात आणि देशांत वाटले जातात. २०१५ पासून एका दिवसाचा किमान दर ८,००० डॉलर. जाळं रिकामं आलं तरी पैसे द्यायचेच! ८० मीटरहून लांब जहाजाचा एक दिवस दीड धरतात. आणि हे दिवस एक देश दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणून मासा पूर्वेला गेला तरी पश्चिमेचे देश अगदीच कोरडे राहत नाहीत. ही तरतूद मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

पळवाट आहेच. जहाजं समुद्रात तराफे सोडतात, त्यांच्या सावलीला मासे गोळा होतात आणि तराफ्यावरचं यंत्र खाली किती मासे आहेत ते उपग्रहामार्फत कळवतं. शोधाशोध वाचते, एका दिवसात पूर्वीपेक्षा जास्त मासळी निघते. वर्षातून काही काळ तराफ्यांवर बंदी असते, ती मात्र मुख्यतः तिथे सापडणारी बिगआय या दुसऱ्या ट्यूनाची पिल्लं वाचवण्यासाठी.

खरी काळजी पुढची आहे. समुद्र तापत गेला तर स्किपजॅक या देशांच्या हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात सरकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तिथल्या मासळीतही या देशांना वाटा मिळायला हवा, कारण समुद्र तापवण्यात त्यांचा हात जवळजवळ नाहीच.