मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी: अर्ज नेमका कुठे अडतो

गुण चांगले, विषयाची ओढ खरी, तरी परदेशातल्या पीएचडीचा अर्ज बाद. अशांचा अर्ज उघडून पाहिला की बरेचदा एकच गोष्ट दिसते: तिसरं शिफारसपत्र पोचलेलंच नसतं.

पत्रं साधारण तीन लागतात आणि ती तुम्ही जोडायची नसतात. तुम्ही नाव-ईमेल भरता, लिंक थेट प्राध्यापकांना जाते आणि कधीकधी स्पॅममध्ये पडून राहते. दीड महिना आधी विचारा, आठवडाभर आधी आठवण करा, संकोच नको. विभागप्रमुखांचं पत्र वजनदार वाटतं; पण त्यांनी तुम्हाला प्रयोग करताना पाहिलंच नसेल, तर 'हुशार, होतकरू' यापलीकडे ते काय लिहिणार? ज्यांच्या देखत तुमचं क्लोनिंग (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती बनवणं) चारदा फसलं आणि चूक तुम्हीच शोधलीत, त्यांचं पत्र घ्या. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असं फॉर्मवर विचारतात. सोडा, गोपनीय पत्रावर प्रवेश समितीचा भरवसा जास्त असतो.

अमेरिकेत पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या प्रवेशाची मुदत बऱ्याच ठिकाणी आदल्या डिसेंबरातच संपते आणि रात्रीचे ११:५९ बहुधा विद्यापीठाच्या घड्याळाचे असतात. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोनच वर्षं ग्राह्य. जीआरई ही प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा अनेक जीवशास्त्र विभागांनी सोडून दिली आहे, आणि बायोकेमिस्ट्री, सेल अँड मॉलिक्युलर बायोलॉजीची जीआरई विषय-परीक्षा तर २०१६ नंतर झालेलीच नाही. तरी तिची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं दिसतात, तेव्हा जीव तुटतो. विभागाची यंदाची सूचना वाचा, दुसरं काही नको.

पात्रता: अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडी, युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स. अमेरिकेत बहुधा पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत रोटेशन, म्हणजे आळीपाळीने थोडे थोडे दिवस काम, करून मार्गदर्शक ठरतो. युरोपात अनेकदा ठरावीक प्रकल्पासाठीच अर्ज असतो.

अर्जासोबतच्या उद्देशपत्रात 'पीसीआर, वेस्टर्न ब्लॉट येतं' ही प्रयोगतंत्रांची यादी पुरत नाही. कोणता प्रश्न होता, कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) काय ठेवला, निकाल उलटा आल्यावर काय केलंत, ते लिहा. फसलेला प्रयोग लपवू नका.

आणि निवड झाली की घाईने होकार देऊ नका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. त्याआधी कुणी दबाव आणला, तर ते विद्यापीठ त्या ठरावात आहे का, हे नम्रपणे पण लेखी विचारा.