गिअर 'पी' मध्ये अडकलाय? दांडा हिसकायच्या आधी हे वाचा

आमचं गॅरेज वाईला. पसरणी घाट चढला की पाचगणी नि पुढे महाबळेश्वर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी एक फोन ठरलेलाच असतो, ऑटोमॅटिक गाडी चालू होतीये पण गिअर पी (पार्किंग) मधून निघतच नाही, गिअरबॉक्स गेला का हो? बहुतेक वेळा गिअरबॉक्सला काहीही झालेलं नसतं, म्हणून हा कागद छापलाय, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या.

एएमटीवाल्यांनी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर मशीन सांभाळतं) हे वाचायची गरज नाही. २०१४ ला मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून आपल्याकडे या गाड्या भरपूर झाल्यात पण त्यातल्या बहुतेकांना पी नसतोच. हे आहे टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटी या ऑटोमॅटिकच्या बाकीच्या प्रकारांसाठी, ज्यात मधे उभा दांडा आणि त्यावर बटण असतं. गोल नॉबवाल्या गाड्यांचं सगळं विजेवर चालतं, तिथे आधी बॅटरी बघायची आणि मग आम्हाला फोन.

तर होतं काय, की पी मध्ये टाकल्यावर गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खटका दातेरी चाकात जाऊन बसतो आणि गाडी जागेवर अडते. वर दांड्यापाशी दुसरं एक कुलूप असतं, शिफ्ट लॉक. इग्निशन ऑन असताना ब्रेक दाबला की पायाजवळचा छोटा स्विच सिग्नल देतो आणि ते कुलूप उघडतं, कान दिला तर दांड्याखाली टक् असा आवाज येतो. म्हणजे अडकायच्या जागा दोन, वर कुलूप किंवा खाली खटका, आणि दोन्हीचे उपाय वेगळे.

आधी कुलपाचं बघा. चावी पूर्ण ऑनवर आहे ना, नुसत्या एसीसीवर (ऑनच्या आधीचा टप्पा) बऱ्याच गाड्या सोडत नाहीत. ब्रेक नीट खोलवर दाबा, पायाखाली पाण्याची बाटली किंवा सरकलेलं मॅट असतं ते काढा (हसू नका, असतं). आता कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते विचारा, एकटे असाल तर मागच्या भिंतीवर उजेड पडतो का बघा. लाइट लागत नसतील तर बहुतेक तो स्विच गेलाय नाहीतर फ्यूज उडालाय. फ्यूज कुठला ते बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, तितक्याच अँपिअरचा टाका, जास्तीचा नको आणि चांदीचा कागद तर अजिबातच नको. स्विच पायाजवळच असतो, बदलायला गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. लाइट लागतात पण टक् आवाज येत नाही तर सोलेनॉइड (कुलूप उघडणारं विजेचं चुंबक), वायर किंवा उतरलेली बॅटरी. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरून वायरी कुरतडतात तेही एक. आणि टक् आवाज येतोय पण बटणच दाबलं जात नाही तर कन्सोलमध्ये सांडलेला चहा, कोल्ड्रिंक, साखर सुकून आत सगळं चिकटून बसलेलं असतं.

रस्त्यात असाल तर कंपनीने सोय दिलेली असते. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या बाजूला नखाएवढं झाकण असतं. हँडब्रेक पूर्ण ओढा, उतार असेल तर चाकाला दगड लावा, ब्रेकवर पाय ठेवा, पातळ स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून झाकण उचका, आतल्या खाचेत चावीचं टोक किंवा तोच स्क्रू ड्रायव्हर खाली दाबून धरा आणि बटण दाबून दांडा एनवर (न्यूट्रल) घ्या. गाडी एनमध्ये स्टार्ट होते. पण एक लक्षात ठेवा, ब्रेक लाइटच बंद असल्याने हे करावं लागलं असेल तर तुम्ही थांबताय हे मागच्याला कळत नाही, घाटात आणि अंधारात तशी गाडी आणू नका, आम्ही येतो.

आता उताराचं. पाचगणीला लोक गाडी उतारावर लावतात, पी टाकतात, ब्रेक सोडतात आणि मग आठवलं तर हँडब्रेक. गाडी इंच-दोन इंच सरकते नि सगळं वजन त्या खटक्यावर येऊन बसतं, मग ब्रेक लाइट लागतोय, टक् पण होतंय, तरी दांडा दगडासारखा. ब्रेक घट्ट दाबून एकदा जरा जोराने ओढून बघा, धाडकन आवाज करून निघतो, त्या आवाजाला घाबरू नका. नाही निघाला तर दुसऱ्या गाडीला पट्टा लावून चढाच्या बाजूला किंचित ओढून घ्यायची, वजन उतरलं की ब्रेक दाबून लगेच एन. आत ड्रायव्हर बसलेलाच हवा, आणि उताराच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, चार पोरं लावून खालून ढकलायचा उद्योग तर नकोच. हे टाळणं सोपं आहे, थांबल्यावर ब्रेक दाबलेला ठेवून एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, परत ब्रेक दाबून पी.

क्रेनवाला तशीच फरफटत न्यायला निघाला तर सरळ नाही म्हणा. पी मध्ये चाकं अडकलेली असतात, आणि एनमध्येसुद्धा इंजिन बंद असताना लांब ओढली तर आत ऑइल फिरत नाही. फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक.

आम्हाला फोन कराल तेव्हा गाडी कुठली, ब्रेक लाइट लागतो का, टक् आवाज येतो का आणि तोंड चढाला आहे की उताराला एवढं सांगा. नुसतं गिअरबॉक्स गेला म्हणालात तर पोरगा भलतंच सामान घेऊन घाट चढतो.